मज्जारज्जूच्या इजेनंतर चालण्याचा सराव: मेंदूत नेमकं काय बदलतं, आणि ते स्कॅनवर बघावं का?

पाऊलवाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मज्जारज्जूच्या अर्धवट इजेनंतर चालण्याचा सराव देताना मेंदूत काय घडतं, हे जाणकारांकडून नीट समजून घ्यायचं आहे. ‘न्यूरोप्लास्टिसिटी होते’ (म्हणजे मेंदू सरावानं बदलतो) एवढ्या एका वाक्यावर सराव आखता येत नाही.

रुग्ण पुरुष, वय ३४, वजन ६० किलो. उंचावरून पडून डी-१० (छातीच्या दहाव्या मणक्याच्या) पातळीला इजा, आठ महिने झाले. एशिया श्रेणी सी (इजेखाली हालचाल आहे, पण निम्म्याहून जास्त स्नायू कमजोर). ताकद ० ते ५ च्या मापावर: मांडीपुढचा स्नायू क्वाड्रिसेप्स उजवा ३, डावा २. घोटा वर उचलण्याची ताकद उजवीकडे २, डावीकडे १. डाव्या गुडघ्याला पुश-नी स्प्लिंट (गुडघा सरळ ठेवणारी पट्टी) आणि दोन्ही पायांना एएफओ (घोटा-पाऊल धरणारा आधार) लावून वॉकरवर १० मीटर जायला ५० सेकंद लागतात. पायांत ताठरपणा मध्यम, त्यावर बॅक्लोफेनची गोळी चालू. साधनं अशी: ट्रेडमिल, छताच्या बीमला पुली, हार्नेस (अंगाला बांधून वर टांगायचे पट्टे), मदतीला दोन जण. पाय चालवणारा रोबो नाही.

नातेवाइकांना एका ठिकाणी रोबोवरच्या सत्रांचं पॅकेज सुचवलंय. त्यात सुरुवातीला आणि शेवटी फंक्शनल एमआरआय (मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो ते दाखवणारा स्कॅन) काढून ‘मेंदू बदलला’ हे दाखवतात म्हणे. माझे प्रश्न तीन. चालण्याच्या सरावानं मेंदूच्या कुठल्या भागात काय बदलतं? तो बदल घडावा म्हणून सराव कसा द्यायचा? आणि या स्कॅनवर पैसे घालावेत का?

---

नसाजाल

पाऊलवाट ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट दिलं की बाकीच्या दोघांचं निम्मं काम होतं, म्हणून तिथूनच धरतो.

इजा मज्जारज्जूत असली तरी मेंदू जसाच्या तसा राहत नाही. पायाचा भाग मोठ्या मेंदूच्या दोन अर्धांमधल्या फटीत, आतल्या भिंतीवर असतो. तिथून निघालेले लांब तंतू डी-१० ला चेंगरले की खाली जाणारा हुकूम अडतो आणि पायांकडून वर येणारी खबरही आटते. झ्युरिकच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ताज्या इजेच्या १३ रुग्णांचे वर्षभर ठरावीक अंतरानं एमआरआय काढून दाखवलं, की इजेच्या बऱ्याच वर, मानेतसुद्धा मज्जारज्जू बारीक होत जातो आणि मेंदूतला हालचालीचा मार्ग व कॉर्टेक्सही (मेंदूचा बाहेरचा थर) काही महिन्यांतच आकसतो. ज्यांचा ऱ्हास कमी, त्यांची सुधारणा जास्त होती. म्हणून ‘डोकं शाबूत आहे, फक्त वायर तुटलीय’ असं रुग्णाला सांगू नये. ते खरं नाही.

तरी नकाशा पुसला जात नाही, आणि आपली सगळी आशा यावरच आहे. पूर्ण इजा झालेल्या माणसाला काही वर्षांनीही घोटा हलवायचा प्रयत्न करायला सांगितला, तर घोटा हलत नाही पण मेंदूतला पायाचा भाग जागा होतो. तुमच्या रुग्णाचे तर काही तंतू शिल्लक आहेत. सरावाचं काम या उरलेल्या तंतूंवरची रहदारी वाढवायचं.

आता सरावानंतरचे बदल. अमेरिकेत २००५ मध्ये अर्धवट इजेच्या चार जणांना १२ आठवडे रोबोच्या साहाय्यानं ट्रेडमिलवर चालवलं आणि आधी-नंतर पायाच्या हालचालीचा फंक्शनल एमआरआय काढला. चौघांच्याही मेंदूत कमी-जास्त बदल दिसला, संवेदना आणि हालचालीच्या कॉर्टेक्समध्ये. पण जमिनीवरचं चालणं ज्यांचं सुधारलं, त्यांच्यात लहान मेंदूतली हालचाल ठळकपणे वाढलेली होती. चारच माणसं आहेत, त्यामुळे यावर इमले बांधायचे नाहीत. तरी लहान मेंदू आला यात नवल नाही. पाऊल जिथं पडायला हवं होतं आणि जिथं पडलं, त्यातला फरक मोजून पुढचं पाऊल दुरुस्त करायचं काम त्याचंच. पायाकडून खबर येतच नसेल, किंवा चूक व्हायला वावच ठेवला नसेल, तर त्याला करायला काही उरत नाही.

दुसरा पुरावा चुंबकीय उत्तेजनाचा, म्हणजे टीएमएसचा. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात २००५ मध्ये आठ जणांना काही महिने ट्रेडमिल सराव दिला. डोक्यावरून दिलेल्या झटक्याला पायाच्या स्नायूंतून मिळणारं उत्तर त्यानंतर मोठं झालं, आणि ज्यांचं उत्तर जास्त वाढलं त्यांचं चालणंही जास्त सुधारलं. एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. हे उत्तर मेंदूपासून स्नायूपर्यंतच्या सबंध रस्त्याचं असतं. ते वाढलं म्हणजे बदल मेंदूतच झाला असं ठरत नाही, मज्जारज्जूतल्या पेशी जास्त तयारीत आल्या तरी ते वाढतं.

तिसरी गोष्ट प्राण्यांवरची आहे, पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तिच्यातच दिसतं. स्वित्झर्लंडमध्ये २०१२ मध्ये लकवा आलेल्या उंदरांचे दोन गट केले. दोन्ही गटांना मज्जारज्जूवर विद्युत उत्तेजन आणि औषधं दिली. एका गटाचे पाय ट्रेडमिलच्या पट्ट्यानं आपोआप चालवले. दुसऱ्याला हार्नेसमध्ये फक्त तोल सावरण्यापुरतं धरून, समोर चॉकलेट ठेवून, स्वतःच्या मर्जीनं पुढं जायला लावलं. पहिल्या गटाचे पाय पट्ट्यावर उत्तम चालत, पण पट्टा नसला की उंदीर आपणहून एक पाऊलही टाकू शकत नव्हता. दुसऱ्या गटाला ते जमलं, आणि त्यांच्याच मेंदूतून इजेला वळसा घालणाऱ्या नव्या जोडण्या तयार झाल्या. पाय किती हलले यापेक्षा ते कोणी हलवले, हा प्रश्न मोठा आहे.

म्हणून प्रत्येक सत्रात एकच तपासायचं: या पावलात रुग्णाचा वाटा किती? ‘आता डावा गुडघा तुम्ही उचला, मी फक्त घोटा सांभाळतोय’ असं सांगून हात एका पावलापुरता ढिला करायचा आणि काय होतं ते बघायचं. पाऊल अडखळलं, पंजा पट्ट्याला घासला, तरी चालेल. ती घासही त्याच्या लहान मेंदूला कळवलेली खबरच असते.

---

चुंबकसूची

तिसऱ्या प्रश्नावर. थोडक्यात सांगायचं तर या रुग्णासाठी फंक्शनल एमआरआयवर पैसे घालू नका. का ते सांगतो, म्हणजे नातेवाइकांना समजावता येईल.

फंक्शनल एमआरआय मज्जातंतूंची हालचाल थेट मोजत नाही. एखादा भाग कामाला लागला की तिथलं रक्त आणि ऑक्सिजनचं प्रमाण बदलतं, ते पाच-सहा सेकंद उशिरा टिपलं जातं. बदल अगदी बारीक असतो, म्हणून ३० सेकंद घोटा हलवा, ३० सेकंद थांबा, असं अनेकदा करून सरासरी काढावी लागते. चालताना हे काढता येत नाही. माणूस आडवा, डोकं पिंजऱ्यात घट्ट, आणि हलतो तो फक्त घोटा. म्हणजे ‘चालण्याचा स्कॅन’ म्हणून जे दाखवतात तो घोट्याचा स्कॅन असतो.

आता गोची कुठं होते बघा. सरावाआधी रुग्णाचा घोटा १० अंश हलत होता, सरावानंतर २० अंश हलतो. स्कॅनमध्ये रंग वाढलेला दिसणारच, कारण हालचालच दुप्पट झाली. तुलना खरी हवी तर दोन्ही वेळा हालचालीचा कोन आणि वेग सारखा लागतो. त्यासाठी घोट्याला कोन मोजणारी, लोखंड नसलेली पट्टी आणि हेडफोनमधून ठोका द्यावा लागतो. या रुग्णाच्या डाव्या घोट्याची ताकद १ आहे, म्हणजे सांधा हलतच नाही. तिथं स्कॅन हालचालीचा निघत नाही, प्रयत्नाचा निघतो. आणि दोन्ही दिवशी त्यानं सारखाच जोर लावला होता की नाही, हे ठरवायचं कशावर?

ताठरपणा असलेल्या पायात प्रयत्न करताच झटका येतो, तो कंबरेतून मानेपर्यंत जातो आणि डोकं हलतं. डोकं दोन-तीन मिलिमीटर सरकलं तरी मेंदूच्या कडेला खोटे रंग उमटतात. पायाचा भाग नेमका मधल्या फटीच्या कडेला, वरच्या टोकाजवळ. त्यामुळे खोटा ठिपका आणि खरा ठिपका एकाच जागी येऊन बसतात.

नातेवाइकांना सहसा कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट आहे. तो लाल-पिवळा ठिपका किती मोठा दिसावा, हे संगणकावर लावलेल्या मर्यादेवर ठरतं. तीच माहिती, तोच माणूस. मर्यादा खाली आणली की ठिपका सुपारीचा लिंबाएवढा होतो. आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवून कोणी दाखवलं, तर पहिला प्रश्न विचारा: दोन्हींची मर्यादा एकच आहे का? दुसरा: डोक्याची हालचाल किती झाली, त्याचा आलेख आहे का? तिसरा: घोटा किती हलला, ते मोजलंय का? आणि हे सगळं चोख असलं तरी एकाच माणसाचे दोन वेगळ्या दिवशी काढलेले नकाशे, मध्ये कुठलाही सराव न होता, थोडेफार वेगळे येतात. या पद्धतीचा उपयोग रुग्णांच्या गटांचा अभ्यास करण्यासाठी आहे. एका माणसाच्या हातात निकाल म्हणून ठेवावा इतकी ती पक्की नाही.

शिवाय रंग वाढला म्हणजे सुधारणा, असंही समीकरण नाही. कौशल्य मुरलं की कमी भागात काम भागतं आणि रंग कमी होऊ शकतो. उलट संवेदना हरपल्यामुळे मेंदूच्या नकाशात होणारी फेररचना मज्जातंतूंच्या वेदनेशीही जोडलेली आढळली आहे. ‘बदल’ हा शब्द नेहमी चांगल्या अर्थानंच ऐकायचा नसतो.

टीएमएसचं म्हणाल तर मानसोपचाराच्या क्लिनिकमध्ये जी यंत्रं असतात त्यांना आठच्या आकड्यासारखी चपटी कॉइल असते. पायाचा भाग कवटीखाली तीन-चार सेंटिमीटर खोल. त्या कॉइलचा झटका तिथं नीट पोचत नाही, आणि मग ‘उत्तर नाही’ असा अहवाल हातात पडतो. रुग्ण तो वाचून खचतो. पायासाठी दोन शंकूंची, मध्ये वाकवलेली कॉइल लागते आणि झटका देताना स्नायू किंचित आवळलेला असावा लागतो. फिट्सचा इतिहास किंवा डोक्यात धातू असेल तर ही तपासणी टाळतात. कण्यातले टायटॅनियमचे स्क्रू टीएमएसला अडथळा नाहीत. एमआरआयसाठी मात्र ऑपरेशनचा कागद दाखवून रोपण कुठलं आहे ते कळवायलाच हवं.

मोजायचंच असेल तर चालणं मोजा. १४ मीटरची सरळ जागा आखा, पहिले आणि शेवटचे दोन-दोन मीटर सोडून मधल्या १० मीटरची वेळ घ्या. दर वेळी तेच बूट, तेच एएफओ, तोच वॉकर, आणि बॅक्लोफेनच्या गोळीनंतर तितकाच वेळ गेलेला. तुमच्या रुग्णाचा वेग आज सेकंदाला ०.२ मीटर आहे. सेकंदाला साधारण ०.१३ मीटरपेक्षा कमी फरक मोजमापाच्या चुकीतही येऊ शकतो, म्हणून ५० सेकंदांचे ४५ झाले तर आनंद माना पण निष्कर्ष काढू नका. ३० सेकंदांवर आला की तो बदल खरा. सोबत विस्की-२ श्रेणी (चालायला किती आधार आणि साधनं लागतात याचं माप) आणि सहा मिनिटांत चाललेलं अंतर लिहून ठेवा.

---

पाऊलवाट

दोघांचेही मनापासून आभार. सुपारी-लिंबाचं उदाहरण नातेवाइकांना जसंच्या तसं सांगणार आहे.

आता सरावाच्या आखणीबद्दल. आमच्याकडे हार्नेसची दोरी पुलीवरून घेऊन भिंतीच्या हुकाला बांधतो. रुग्ण पाऊल टाकताना कधी लोंबकळतो, कधी दोरी एकदम ढिली पडते आणि डावा गुडघा मोडतो. वजन किती उचललं जातंय याचाही अंदाज येत नाही. ट्रेडमिलचा पट्टा ताशी ०.८ किमीवर ठेवलाय, त्याहून जास्त ठेवायची भीती वाटते. शिवाय डी-४ चा एक रुग्ण सुरू करायचाय. त्याला हीच पद्धत चालेल का?

---

तोल_सांभाळून

ताई, अडचण दोरी बांधण्यात आहे, ती आधी सोडवू.

चालताना शरीर प्रत्येक पावलाला चार-पाच सेंटिमीटर वर-खाली होतं. दोरी हुकाला पक्की बांधली की शरीर वर गेलं की आधार शून्य, खाली आलं की सगळा भार दोरीवर. एका पायावर उभं राहायच्या क्षणी शरीर सर्वांत वर असतं, आणि नेमका तेव्हाच तुमचा आधार निघून जातो. डावा गुडघा त्यामुळे मोडतोय. हूक काढा आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला वजन टांगा. साधी स्थिर पुली असेल तर टांगलेलं वजन जेवढं, तेवढाच आधार, थोडा घर्षणात जातो तेवढा सोडून. ६० किलोच्या रुग्णाला ३५ टक्के आधार म्हणजे २१ किलो. जिमच्या प्लेटी चालतात. दोरीत हार्नेसच्या वर एक लटकता डिजिटल वजनकाटा अडकवा, म्हणजे खरा आकडा समोर दिसत राहील. पुली बियरिंगवाली घ्या. नुसत्या खिळ्यावर फिरणारी दोन-तीन किलो खाऊन टाकते आणि झटके देते. टांगलेल्या वजनाभोवती पाइप किंवा जाळी हवी, नाहीतर ते झुलतं.

याशिवाय दुसरी, वेगळी दोरी सुरक्षेची. ती बीमला स्वतंत्र बोल्टवर, आणि इतकीच सैल, की पाय पूर्ण दुमडले तरी गुडघे पट्ट्याला टेकू नयेत. बोल्ट काँक्रीटच्या बीममध्येच हवा, फॉल्स सीलिंगच्या चौकटीत कधीही नाही.

आधार ५० टक्क्यांवर नेऊ नका. तळपायावर वजन पडणं आणि पाय मागे जाताना खुबा ताणला जाणं, या दोन खबरांवर मज्जारज्जूतलं पावलाचं चक्र चालतं. फार उचललं की टाच टेकत नाही आणि दोन्ही खबरा बंद. डावा गुडघा तीन मिनिटांचा एक टप्पा न मोडता टिकला की आधार ३ किलोनं कमी करा. मोडू लागला की लगेच परत तेवढाच वाढवा, त्या दिवशी हट्ट नको.

वेगाची भीती समजते, पण ०.८ किमीवर पाऊल इतकं आखूड पडतं की खुबा मागे ताणलाच जात नाही, आणि मग पाय पुढं फेकायची चालना मिळत नाही. दोन किमीपासून सुरू करा आणि हातांच्या मदतीनं २.७ ते ३ किमीपर्यंत न्या. मदतनिसांचे हात कुठं हवेत: पाय टेकलेला असताना गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडऱ्यावर दाब, म्हणजे गुडघा सरळ राहायला मदत होते. पाय उचलायच्या क्षणी तो हात काढून गुडघ्यामागच्या आतल्या बाजूच्या कंडऱ्यावर. पोटरी किंवा मांडीचा मागचा भाग घट्ट धरून ओढायचा नाही, त्यानं चुकीच्या वेळी ताठरपणा उसळतो. तिसरा माणूस मागून कंबरेला. तुमच्याकडे दोनच जण आहेत, तर एक डाव्या पायाला आणि एक कंबरेला, उजवा पाय त्याचा त्याला टाकू द्या. स्प्लिंट ट्रेडमिलवर काढा, नाहीतर गुडघ्याला शिकायला जागाच उरत नाही. दांड्यावर फक्त बोटं टेकवू द्या. मुठी आवळल्या की वजन हातांवर जातं आणि वजनकाट्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

तीन ते पाच मिनिटांचे पाच-सहा टप्पे, म्हणजे एकूण वीसेक मिनिटं पावलं. मध्ये बसून विश्रांती. त्यानंतर लगेच, थंड व्हायच्या आत, १०-१५ मिनिटं जमिनीवर वॉकरनं. हा शेवटचा भाग वेळ संपली म्हणून गाळला जातो, आणि नेमका तोच गाळायचा नाही. पट्ट्यावर शिकलेलं जमिनीवर आपोआप उतरत नाही. आठवड्याला पाच दिवस, निदान १२ आठवडे.

रोबोबद्दल नातेवाइकांना सांगताना दोन मोठ्या चाचण्या हाताशी ठेवा. २००६ मध्ये १४६ ताज्या रुग्णांवर १२ आठवडे तुलना झाली: वजन उचलून ट्रेडमिल विरुद्ध तेवढाच वेळ जमिनीवरचा सराव. फरक आढळला नाही. २०११ मध्ये जुन्या इजेच्या लोकांना चार प्रकारे सराव दिला, आठवड्याला पाच दिवस, १२ आठवडे. पायाला विद्युत उत्तेजन घेत जमिनीवर चाललेल्यांचं अंतर सर्वांत जास्त वाढलं, रोबोवाल्यांचा वेग लक्षणीय वाढला नाही. तुमची पुली आणि तुमची माणसं कमी दर्जाची नाहीत, हे मी अगदी मनापासून सांगतो.

---

नसाजाल

तोल_सांभाळून यांच्याशी सहमत, एक जोड देतो. दोष रोबोच्या धातूत नाही, तो कसा लावला यात आहे. पाय ठरलेल्या रेषेतच नेण्याची सक्ती शंभर टक्के ठेवली तर माणूस आत आरामात लोंबकळतो, स्नायू गप्प बसतात. सक्ती उतरवत नेली आणि चुकायला मोकळीक ठेवली तर तेच यंत्र उपयोगी पडतं. उंदरांवरच्या २००६ च्या प्रयोगात ठराविक मार्ग लादण्यापेक्षा ‘गरजेपुरती मदत’ सरस ठरली होती. त्यामुळे नातेवाइकांनी पॅकेज घ्यायचंच ठरवलं, तर तिथं विचारावं: मार्गदर्शनाचा जोर किती टक्क्यांवर ठेवता, आणि दर आठवड्याला किती उतरवता? उत्तर आकड्यात मिळालं नाही तर पुढं जाऊ नये.

२०२० च्या अमेरिकन फिजिओथेरपी मार्गदर्शक सूचनांत, इजेला सहा महिने उलटलेल्या आणि चालू शकणाऱ्या लोकांसाठी भर आहे तो दमछाक होईल अशा चालण्यावर: कमाल हृदयगतीच्या ७० ते ८५ टक्के. ३४ वर्षांच्या माणसाची अंदाजे कमाल १८६, म्हणजे १३० ते १५८. डी-१० ला हृदयाकडे जाणाऱ्या नसा शाबूत असतात, त्यामुळे हा आकडा वापरता येतो. तुमचा रुग्ण अजून उंबरठ्यावर आहे. पहिले चार-सहा आठवडे आधार घेऊन पाऊल बसवा, मग हार्नेस फक्त पडू नये म्हणून ठेवा आणि वेग चढवत न्या.

तेव्हा चुका मुद्दाम पेरा. पट्ट्यावर पाच सेंटिमीटरचे फोमचे तुकडे टाकून ओलांडायला लावा. वेग न सांगता थोडा कमी-जास्त करा. उजव्या घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पट्टी दोन मिनिटं बांधून काढा. काढल्यावरची पहिली काही पावलं गरजेपेक्षा उंच पडतील आणि मग हळूहळू जागेवर येतील. मेंदूनं वजनाचा हिशेब मांडला होता आणि तो आता खोडतोय, हे त्या चार-सहा पावलांत तुम्हाला उघड्या डोळ्यांनी दिसतं. रुग्णालाही ते दाखवा. एमआरआयच्या रंगीत कागदापेक्षा त्याला यातून जास्त बळ मिळेल.

पण फक्त अडथळेच देत बसू नका. कॅनडात २२ जणांवर दोन्ही प्रकार आलटून-पालटून, दोन-दोन महिने करून बघितले: एक, पट्ट्यावर भरपूर चालणं, दुसरा, अडथळे आणि नेमक्या खुणांवर पाय ठेवणं. दोन्हींनी चालणं सुधारलं, अंतर मात्र भरपूर चालण्यानं जास्त वाढलं. आधी पावलांची रास, मग नेमकेपणा.

---

तोल_सांभाळून

डी-४ चा रुग्ण राहिला होता. त्याला हीच पद्धत चालेल, पण हृदयगतीचा आकडा वापरू नका. हृदयाची गती वाढवणाऱ्या नसा वरच्या छातीच्या पातळीतून निघतात. तिथं इजा असली की माणूस पुरता दमला तरी नाडी पुरेशी वर जात नाही, आणि तुम्ही आकडा गाठायला त्याला आणखी दामटाल. त्याऐवजी ६ ते २० च्या बोर्ग मापावर (किती दमलो ते सांगायचं माप) त्यालाच आकडा सांगायला लावा, १४ ते १७ पुरे.

डी-६ आणि त्यावरच्या इजेत ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया, म्हणजे इजेखालच्या एखाद्या त्रासानं रक्तदाब एकदम उसळणं, हा खरा धोका. लघवीची पिशवी मांडीला बांधलेली असते, हार्नेसचा मांडीचा पट्टा नळीवर चढतो, नळी दबते, मूत्राशय तटतं आणि रक्तदाब उसळतो. डोकं ठणकणं, चेहरा लाल, कपाळावर घाम, अंगावर काटा. वरचा रक्तदाब त्याच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा २० ते ४० नं वाढला की तेच समजायचं. या लोकांचा नेहमीचा दाब बऱ्याचदा ९०-११० असतो, म्हणून १३० पाहून ‘नॉर्मल आहे’ म्हणू नका. लगेच खाली बसवा, आडवं करू नका, पट्टे सोडा, नळी मोकळी करा, दर दोन-तीन मिनिटांनी दाब बघा. कारण सापडलं नाही किंवा दाब उतरला नाही तर लगेच डॉक्टरांना बोलवा, वाट बघू नका. आधीच टाळायचं तर सत्रापूर्वी पिशवी रिकामी, नळी पट्ट्याच्या वरून घ्या, खालून नाही, आणि हार्नेस चढवल्यावर नळीवर बोट फिरवून बघा.

उलटा त्रासही होतो: उभं करताच दाब पडतो, डोळ्यांपुढं अंधारी. पोटाला पट्टा बांधून, आधी पाच मिनिटं टिल्ट टेबलवर (आडव्यापासून हळूहळू उभं करणारं टेबल).

दोघांनाही लागू पडणाऱ्या काही गोष्टी. काही महिने वजन न पेललेली हाडं ठिसूळ होतात, विशेषतः गुडघ्याच्या वर आणि खाली. संवेदना कमी असल्यानं मोडलं तरी दुखत नाही. गुडघा सुजला, गरम लागला, तर सत्र बंद आणि एक्स-रे. पोटरी एकाच बाजूची सुजली तर आधी शिरेतली गाठ तपासा. जांघेत आणि माकडहाडावर सत्रानंतर लाली बघा, अर्ध्या तासात गेली नाही तर पट्ट्याखाली जाड पॅड लावल्याशिवाय दुसऱ्या दिवशी हार्नेस नको.

आणि ताठरपणा अचानक वाढला, कालपर्यंत बरी पडणारी पावलं आज कात्रीसारखी पडू लागली, तर बॅक्लोफेन वाढवायची घाई करू नका. लघवीची तपासणी, पोट साफ आहे का, पायाचं नख आत रुतलंय का, हे आधी. डाव्या पायाची ताकद २ असताना तो उभा राहतोय तो काही अंशी त्या ताठरपणाच्याच जोरावर. गोळी वाढवली की झटके थांबतात आणि गुडघाही मोडू लागतो.

---

पाऊलवाट

हूक उद्याच काढते आणि वजनकाटा मागवते. नातेवाइकांना स्कॅनबद्दलचे तीन प्रश्न आणि रोबोच्या टक्क्यांचा एक, असे चार प्रश्न कागदावर लिहून देते. चुंबकसूची, एक शेवटचं विचारू? १० मीटरची वेळ किती दिवसांनी घ्यावी? रुग्ण रोज विचारतो.

---

चुंबकसूची

रोज नको. रोजच्या आकड्यात झोप, लघवीचा संसर्ग, गोळीची वेळ हेच जास्त दिसतं, आणि एक वाईट दिवस त्याचं मन मोडतो. दर दोन आठवड्यांनी, त्याच वारी, त्याच वेळी, सत्राच्या आधी. लागोपाठ दोनदा चालवून सरासरी लिहा. रोज बघायला त्याला दुसरा आकडा द्या: टांगलेल्या प्लेटींचे किलो. २१ वरून १८, मग १५. तो आकडा उतरताना त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.